वाचकांचे प्रश्न : तापलेल्या माळावरचे पक्षी

होळी झाली की बीड जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. हिवाळाभर माजलगावच्या धरणावरची बदकं आणि नाथसागरावरचे रोहित यांची विचारपूस चालते. मार्च सरत आला की पत्रं येतात ती आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळांवरून. शेळ्या-मेंढ्या राखणारे, नांगरट करणारे, कारखान्यांचा पट्टा पडल्यावर कोयता ठेवून गावी परतलेले लोक लिहितात. ही माणसं पक्षी रोज पाहतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न नेमके असतात. या खेपेला पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण इतकं बारकाईनं टिपलेलं निरीक्षण क्वचित हाती येतं.

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावात आता डबकंच उरलंय. सकाळी उन्हं वर आली की पारव्याएवढे मातकट पक्षी थव्यानं येतात, पाणी पिऊन लगेच उडून जातात. त्यातला एखादा मात्र पाण्यात पोट टेकवून बसतो आणि अंग वरखाली हलवत राहतो. आंघोळ म्हणावी तर पाठ आणि पंख कोरडेच. हा पक्षी कोणता आणि तो नेमकं काय करतो?
– एक वाचक, आष्टी तालुका

उत्तर : ही पखुर्डी. काही ठिकाणी तिला भट तित्तर म्हणतात, पण तित्तरांशी तिचं नातं नाही. पारवे आणि होले तिला जास्त जवळचे. नराचा चेहरा पिवळसर, छातीवर आडवी बारीक काळी रेघ आणि पोट गडद चॉकलेटी. मादीच्या अंगावर ठिपके आणि रेघोट्या. शेपटीच्या मधली दोन पिसं लांब आणि टोकदार. पाय इतके आखूड की थवा रानात बसला की ढेकळं कोणती आणि पक्षी कोणते हे कळत नाही. उडताना मात्र त्या बोलत जातात, म्हणून बहुतेकांना पखुर्डी आधी ऐकू येते आणि मग दिसते.

तिचं खाणं म्हणजे गवताच्या आणि रानतणांच्या कोरड्या बिया. अशा खाण्यातून अंगाला पाणी मिळत नाही, त्यामुळे रोज पाणवठ्यावर यावंच लागतं. सूर्य उगवल्यावर तास-दोन तासांनी थवे येतात. थेट काठावर न उतरता थोडं अलीकडे उतरायचं, मान उंचावून चहूकडे पाहायचं, मग लगबगीनं पाण्याशी जाऊन भराभर घोट घ्यायचे आणि उडायचं. हा सगळा खेळ मिनिटाच्या आत आटोपतो, कारण उन्हाळ्यातला पाणवठा ही शिकाऱ्यांची हक्काची जागा असते. ससाणा, मुंगूस, गावातली मोकाट कुत्री, सगळ्यांना ती ठाऊक असते.

असा धोका असताना तुम्ही पाहिलेला एक पक्षी तिथंच बसून राहतो. तो नर आहे, आणि माळावर कुठंतरी त्याची पिल्लं वाट पाहत आहेत. तो पोटाची पिसं फुलवून पाण्यात टेकतो आणि अंग हलवून ती चिंब करतो. मग तसाच भिजल्या पोटानं उडत पिल्लांकडे जातो आणि ताठ उभा राहतो. पिल्लं त्याच्या पोटाखाली येऊन एकेक पीस चोचीत धरून ओढतात आणि त्यातलं पाणी पितात. पिल्लांना उडता येत नाही, पाणी कोसभर लांब, आणि त्यांचंही खाणं पहिल्या दिवसापासून कोरड्या बियांचंच. बापानं पाणी आणलं नाही तर ती जगत नाहीत.

हे पहिल्यांदा लिहिलं ते एडमंड मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षीपालकानं, १८९६ मध्ये. त्यानं पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांमध्ये हा प्रकार पाहिला होता. पक्षितज्ज्ञांपैकी पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १९६७ मध्ये टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या दोघांनी आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या पखुर्ड्यांवर काम करून ते सिद्ध केलं. सत्तर वर्षं जी गोष्ट तज्ज्ञांना पटत नव्हती, ती तुम्ही पाझर तलावाच्या काठावरून पाहिलीत.

सगळी करामत पोटाच्या पिसांत आहे. इतर पक्ष्यांच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं. पखुर्डीच्या नराच्या पोटावरच्या पिसांचे सूक्ष्म तंतू गुंडाळलेले असतात. भिजले की ते उलगडतात, उभे राहतात आणि आपसांत पाणी धरून ठेवतात, सरकीवरच्या कापसानं धरावं तसं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या आणि एमआयटीतल्या संशोधकांनी आफ्रिकन पखुर्डीचं एकेक पीस सूक्ष्मदर्शकाखाली भिजवून ही रचना तपासली. तिथला नर एका खेपेत सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे साधारण पाच चमचे पाणी नेऊ शकतो. वाटेत वाऱ्यानं आणि उन्हानं काही उडून जातं. उरलेलं पिल्लांना पुरतं.

आता एक विनंती. उन्हाळ्यात तुमच्याकडे तलाव आटत जातात आणि शेवटच्या डबक्यावर सगळ्यांचाच भार येतो. गुरं तिथंच, टँकर तिथंच, गाड्या धुणं तिथंच. सकाळी आठ ते दहा एवढा वेळ तो काठ मोकळा राहील असं गावानं ठरवलं तर फार मोठं काम होईल. भरीला एक नवी अडचण आली आहे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी मराठवाड्यात सगळीकडे झाली. त्यांत पाणी असतं, पण काठ उभे आणि निसरडे. आखूड पायांच्या पखुर्डीला तिथं उतरून पिता येत नाही. पाय घसरून आत पडलेलं जनावरही बाहेर येत नाही. ज्यांच्याकडे असं शेततळं आहे त्यांनी कुंपणाबाहेर सपाट मातीवर उथळ खळगा करून त्यात रोज दोन कळशा पाणी सोडावं. काठ मातीचा आणि उताराचा हवा, जवळपास दाट झुडूप नको. पखुर्डीला चहूकडचं दिसल्याशिवाय ती खाली उतरत नाही.

भिजलेला नर कोणत्या दिशेला उडतो ते काठावरूनच बघा. पिल्लांच्या शोधात मागं जाऊ नका.

प्रश्न : रानाला नांगर लावला तर उघड्यावर चार अंडी दिसली. टिटवी ओरडून ओरडून ट्रॅक्टरच्या अंगावर येत होती. अंडी उचलून बांधावर ठेवली तर चालतील का? आमची आजी म्हणते टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरात, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. यात तथ्य किती?
– एक वाचक, शिरूर कासार

उत्तर : अंडी उचलू नका. जागा बदललेली अंडी बहुतेकदा सोडून दिली जातात. त्याऐवजी अंड्यांभोवती पाच-सहा पावलांचा गोल न नांगरता सोडा. चार काड्या रोवून खूण करा, म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला लांबून दिसेल. टिटवी महिनाभर अंडी उबवते. पिल्लं बाहेर आल्यावर अंग वाळताच चालू लागतात आणि आईबापांच्या मागं निघून जातात. तेवढा तुकडा पुढच्या पाळीत नांगरता येईल. यानं पिकाचं काहीच बिघडत नाही.

चोचीच्या मुळाशी लाल चामडी असेल तर ती आपली नेहमीची टिटवी. चामडी पिवळी आणि डोक्यावर काळी टोपी असेल तर ती माळटिटवी. माळटिटवी मोकळ्या, कोरड्या, गवत नसलेल्या जमिनीवरच राहते आणि मार्च ते मे हे तिचे मुख्य विणीचे महिने. त्याच जमिनीवर धाविक अंडी घालतो. विटकरी छाती, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी, चार पावलं पळायचं आणि थबकायचं. जरा वर पाहिलंत तर डोंबारी चंडोल दिसेल. नर हवेत उंच चढतो, शीळ घालत खाली झेपावतो, पुन्हा चढतो. म्हणजे जिथं आपल्याला एप्रिलमध्ये धुरळ्याशिवाय काही दिसत नाही, तिथं घरटी भरलेली असतात.

एवढ्या उन्हात का, असं कुणीही विचारील. गवत वाढलं की शत्रू लपून जवळ येऊ शकतो. उघड्या रानात तो लांबून दिसतो. अंड्यांचा रंगही वाळल्या मातीशी जुळतो, हिरव्या गवताशी नाही. पिल्लं मोठी होत असताना वळीव पडून किडे निघू लागतात. उन्हाचा त्रास मात्र खरा आहे. दुपारी टिटवी अंडी उबवत नसते, ती त्यांच्यावर सावली धरून उभी असते. जवळ पाणी असेल तर जाऊन पोट भिजवून येते आणि ओलं पोट अंड्यांना लावते. तिला हुसकावून तुम्ही पाच मिनिटं फोटो काढत बसलात तर अंडी भाजतात. भर दुपारी अंड्यांजवळ जाऊच नये.

आजींचं म्हणणं मी आदरानं ऐकतो, कारण त्यामागं पिढ्यांचं पाहणं आहे. पण टिटवी बहुधा चारच अंडी घालते, अवर्षणाच्या सालीही. आणि सपाट रानात किंचित उंचवटा शोधणं ही तिची नेहमीची सवय आहे, मग येणारा पाऊस कमी असो वा जास्त.

या निमित्तानं एक सांगावंसं वाटतं. हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. बीड तेव्हा त्याच संस्थानात होतं. त्या काळी दख्खनच्या माळांवर माळढोकही असे. शेजारच्या सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, पण आज तिथंही त्याचं दर्शन जवळपास संपलं आहे. माळढोकापाठोपाठ धाविक आणि माळटिटवी जाऊ नयेत असं वाटत असेल तर गायरानांचं काय करायचं हे ठरवताना त्यांचा विचार व्हायला हवा. आपल्याकडे मोकळी जमीन दिसली की खड्डे घेऊन झाडं लावायची घाई होते. झाडं गावात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात जरूर लावावीत. पण गवताचा माळ हा स्वतःच एक पूर्ण वाढलेला निसर्ग आहे. त्यावर रोपवन उभं केलं तर माळावरच्या पक्ष्यांचं घर जातं, आणि मेंढपाळांचं चराऊ रानही.

प्रश्न : पावशा चैत्रापासूनच 'पेरते व्हा' ओरडायला लागलाय. त्याला पाऊस कळतो का? त्याच्यावर भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, केज

उत्तर : पेरणीचा निर्णय पावशावर सोडू नका. हे फार कळकळीनं सांगतो, कारण दुबार पेरणी काय करते हे तुमच्या तालुक्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दर वर्षी सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल बसल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये. तोच सल्ला पाळावा.

पावशा ओरडतो तो जोडीदारासाठी आणि आपल्या हद्दीसाठी. शिक्र्यासारखा दिसणारा, राखी रंगाचा हा पक्षी कोकिळेच्या कुळातला. तो घरटं बांधत नाही. मादी सातभाई आणि केकाट्या यांच्या घरट्यांत अंडी घालते. सातभाईंची वीण सुरू होण्याच्या सुमारास पावशाचा आवाज वाढतो, चढत जातो, तुटतो आणि पुन्हा खालच्या पट्टीपासून सुरू होतो. चांदण्या रात्रीही थांबत नाही. पावसाळा जवळ येताना हे सगळं घडतं, म्हणून आपल्या लोकांनी त्याच्या आवाजात पेरणीची हाक ऐकली. ते सुंदरच आहे, फक्त त्यात तारीख शोधू नये.

पावसाशी खरोखर जोडलेला पक्षी हवा असेल तर चातकाकडे पाहा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका. दक्षिण भारतात काही चातक बारमाही राहतात, पण मध्य आणि उत्तर भारतात दिसणारे आफ्रिकेतून येतात, समुद्रावरून वाहणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांच्या सोबतीनं. म्हणून मोसमी पावसाच्या थोडं पुढं-मागं त्यांचं दर्शन होतं. तुमच्याकडे मेच्या अखेरीपासून बाभळी, बोरी आणि लिंबाच्या शेंड्यांवर लक्ष ठेवा. पहिला चातक दिसला ती तारीख आणि गाव ई-बर्डवर नोंदवा किंवा निदान वहीत लिहून ठेवा. मराठवाड्यातून अशा नोंदी फार कमी होतात. एकाच माणसानं एकाच गावात दहा-पंधरा वर्षं ठेवलेली वही अभ्यासकांना मोठ्या किमतीची असते.

प्रश्न : नायगावच्या अभयारण्यातले मोर उन्हाळ्यात आमच्या रानात उतरतात. पेरणीच्या दिवसांत काही मेलेलेही सापडतात. रोग असतो का?
– एक वाचक, पाटोदा

उत्तर : नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र जवळपास ३० चौरस किलोमीटर. मोर काही अभयारण्याची हद्द मोजत नाहीत. उन्हाळ्यात पाणी आणि सावली जिकडे तिकडे ते. एप्रिल-मेमध्ये नरांचा पिसारा पूर्ण भरलेला असतो, पहाटे-संध्याकाळी केका वाढतात, वळवाआधी नाच सुरू होतो. पिसारा आपोआप गळतो तो पावसाळा सरताना.

मेलेल्या मोरांचं कारण प्रत्येक वेळी तपासूनच ठरवायला हवं. पण पेरणीच्या दिवसांत पहिला संशय विषारी औषध चोळलेल्या बियाण्याचा घ्यावा. तासात उघडं पडलेलं, बांधावर सांडलेलं बियाणं मोर टिपतात. पेरणीनंतर दाणे नीट मातीआड होतील असं पाहा, रिकाम्या पिशव्या रानात टाकू नका, सांडलेलं बियाणं झाडून गोळा करून पुरा. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला आढळला तर हात न लावता वन विभागाला कळवा, म्हणजे शवविच्छेदन होऊन खरं कारण कळेल.

प्रश्न : ज्वारी हुरड्यात होती तेव्हा भोरड्यांनी नको जीव केला. आता एकही दिसत नाही. त्या कुठं जातात?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : मध्य आशियात; कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि त्यांच्या आजूबाजूच्या गवताळ प्रदेशात. ऑगस्टपासून त्या आपल्याकडे येऊ लागतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून जातात. जाण्याआधी पळस आणि पांगाऱ्याच्या फुलांवर त्यांना जवळून पाहून घ्यावं. विणीचे दिवस जवळ आल्यानं गुलाबी आणि काळा दोन्ही रंग तेव्हा ऐन भरात असतात.

गोफण घेऊन माचव्यावर उभं राहिलेल्या माणसाला त्यांचा राग येणारच. पण या पक्ष्याची दुसरी बाजूही आहे. विणीच्या काळात भोरड्या टोळ आणि नाकतोडे यांवर जगतात. चीनमधल्या शिंजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचले जातात. आपल्याकडेही त्या ज्वारीबरोबर किडे खातात. पुढच्या हंगामात कणसांवर बसलेला थवा फक्त दाणेच टिपतोय का, हे थोडा वेळ थांबून बघा आणि मला लिहा.

प्रश्न : गेल्या मेमध्ये सकाळी पडवीत एक रंगीबेरंगी पक्षी पडलेला होता. हिरवी पाठ, निळे पंख, पोटाखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा, शेपूट अगदी आखूड. पोरांनी दिवसभर पाणी पाजलं, तरी संध्याकाळी मेला. काय चुकलं?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तो नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो मेच्या मध्यापासून विणीसाठी आपल्या भागातल्या झाडीत येतो. प्रवास रात्री करतो. गावांचे दिवे, काचा आणि तारा यांमुळे थकलेले किंवा धडकलेले नवरंग सकाळी अंगणात, जिन्यात, दुकानात सापडतात. मुलांनी मायेनं केलं, पण चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि दिवसभर हाताळल्यानं पक्षी घाबरून खचतो.

पुन्हा सापडला तर बारीक भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्याला ठेवा, झाकण लावा आणि खोकं शांत, गार, अंधाऱ्या जागी राहू द्या. पाणी पाजू नका, खायला घालू नका, सारखं उघडून बघू नका. तास-दोन तासांत तो तरतरीत झाला तर दाट झाडीजवळ, उन्हं उतरल्यावर, खोकं आडवं करून बाजूला व्हा. पंख लोंबत असेल किंवा उभं राहता येत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जिल्ह्यातच शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र आहे. वन विभागाशी बोलून पक्षी तिथं पोचवता येतो.